कवाडं जुन्या गावाला गेली

"माझ्या माहेरी चांगल्या सालात नाही येता येत. पाऊस पडला नाही की ये," असं कुसुम म्हणायची. मुंबईत कलाशाळेच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती शिल्पकलेला होती, मी रंगकामाला. तिचं हे बोलणं मला तेव्हा उगाच गूढ वाटे. पुढे मी सावंतवाडीला परत येऊन शाळेत चित्रकला शिकवू लागले आणि ती दिल्लीला गेली. तिथे ती दगड-लाकूड सोडून कसल्या कसल्या मांडण्या करते, असं कानावर यायचं. मग एका एप्रिलमध्ये तिची तार आली: "गाव वर आलंय. ये."

कुसुमचं निंबखेडा हे गाव तिच्या लहानपणी पूर्णा नदीच्या धरणात गेलं. माणसं वर माळावर नव्या गावात आली. पण पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली की धरणाचं पाणी मागे मागे सरतं आणि खालून जुनं गाव उघडं पडतं. त्या उन्हाळ्यात ते पडलं होतं. शाळेला सुट्टी लागली तशी मी निघाले.

बोरीच्या पुढे

परभणीला गाडीतून उतरले तेव्हा सकाळ होती, आणि तरी स्टेशनबाहेरच्या टांग्याच्या घोड्यानं सावली शोधली होती. जिंतूरच्या एसटीत मला खिडकी मिळाली. आमच्याकडे रस्त्याला लागलं की दर वळणावर काहीतरी लपलेलं असतं. एखादा ओढा, एखादं कौलारू घर, एखादी देवराई. इथं काहीच लपत नव्हतं. काळी जमीन डोळा पोचेल तिथवर उघडी पडलेली होती. कापूस वेचून गेलेल्या पऱ्हाट्या अजून शेतांत उभ्या होत्या आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. उन्हानं दूरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा, आपण जवळ गेलो की ते पाणी तेवढंच पुढं सरकायचं. अर्ध्या जागेपणी मला वाटत राहिलं की आपण त्या पाण्याच्याच मागे मागे निघालो आहोत.

बोरीला एक बाई डोक्यावरचं टरबूज मांडीवर घेत माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"समुद्राकडच्या."

"समुद्र मंजी आमच्या धरनापेक्षा मोठा असंल?"

"मोठा. पलीकडचा काठ दिसत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग त्याच्यात गावं लय गेली असतील," त्या म्हणाल्या.

समुद्रकाठी जन्म काढून हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता.

नवं गाव

कुसुम निंबखेड्याच्या थांब्यावर उभी होती. उन्हानं काळवंडलेली, केस आखूड कापलेले, पायात पुरुषी वहाणा. नवं निंबखेडा पाहून मला आधी शाळेच्या पटांगणात रांगेनं उभ्या केलेल्या मुलांची आठवण झाली. सरळ रस्ते, सारख्या जागा, सारखी बुटकी घरं, वर पत्रा. पण घरांची दारं मात्र त्या घरांची वाटत नव्हती. जाडजूड, काळीभोर सागवानी कवाडं होती. काहींवर कमळं कोरलेली, काहींवर मोर. पितळी कड्या हात लागून लागून झिजलेल्या. काही कवाडं इतकी उंच, की त्यांच्यासाठी भिंत वर ओढून घेतलेली होती.

"गाव सोडताना माणसांनी लाकूड तेवढं आणलं," कुसुमनं सांगितलं. "भिंती मातीच्या, त्या कुठं आणणार? आमची कवाडं बैलगाडीतून वर आली तेव्हा मी त्यांच्यावर बसले होते."

ती इथं आली होती ती या कवाडांसाठी. एक दिवस ती सगळी उतरवायची, गाड्यांत घालून परत खाली न्यायची आणि जुन्या गावात जी जी जोती गाळातून वर आली होती तिथं ज्याची त्याच्या जागी उभी करायची. भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त दारं. प्रत्येक दारात त्या घरातलं माणूस बसणार. सूर्य बुडेपर्यंत कुणी उठायचं नाही. मग कवाडं परत आणायची.

"आणि बघायला कोण येणार?" मी विचारलं.

"परभणीच्या कॉलेजातले चारदोन जण येतो म्हणालेत. नाही आले तरी चालेल. गाव बघेल ना."

तिचा भाऊ नारायणदादा शेती करायचा. उंच, अबोल माणूस. त्याची बायको गंगूवैनी मात्र बोलायला मोकळी. त्यांनी पहिल्या संध्याकाळी मला येसराची आमटी वाढली. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं ते पीठ पाण्यात शिजलं की असा काही वास सुटतो की नारळावाचून जिचं पान हलत नाही अशा माझ्यासारखीलाही नारळ आठवला नाही. भाकरी कुस्करून त्यात भिजवायची, वर कच्चं तेल आणि कांदा. मी पहिल्याच घासाला ठसकले.

"उलसं दमानं," वैनी हसत पाणी देत म्हणाल्या. "तुमच्याकडं तिखट खात न्हाईत का?"

कवाडं मागणं सोपं गेलं नाही. दाराशिवाय घर ठेवायचं, तेही दिवसभर, ही गोष्ट कुणाच्या पचनी पडेना. गावातले सर्वांत वयस्कर बळीराम आबा लिंबाखाली बाजेवर बसून असायचे. त्यांनी कुसुमला विचारलं, "हे नाटक हाय का?"

"नाटक नाही आबा. नाटकात दुसऱ्याचं सोंग घेतात. इथं ज्यानं त्यानं आपलंच व्हायचंय."

"आन् ते करून काय व्हणार?"

"काही होणार नाही."

का कोण जाणे, हे उत्तर आबांना पटलं. "मंग हरकत न्हाई," ते म्हणाले. "काय व्हणार हाय म्हनून जे जे सांगितलं, त्याच्यातलं काई झालं न्हाई." आबांनी हो म्हटल्यावर बाकीचे तयार होऊ लागले. पण कुसुम उठताना त्यांनी एक विचारलंच. "गयाबाईचं बी मांडनार म्हनं?"

"हो."

"तिचं कवाड हाय कुठं?"

कुसुम वहाणा घालून चालू लागली.

गयाबाईची गोष्ट मला कुसुमनं दुसऱ्या दिवशी सांगितली. गयाबाईचं कुटुंब बौद्ध. जुन्या गावात त्यांची वस्ती खाली नदीच्या अंगाला होती आणि नव्या गावात टोकाला. त्यांनीही आपलं कवाड खालून वर आणलं होतं. सात-आठ वर्षांमागे विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा या गावातही ती आग आली. गयाबाईचं घर जळलं. माणसं शेतातून पळाली म्हणून वाचली. वस्तीतली बाकीची घरं हळूहळू शहरांकडे गेली, गयाबाई मुलाबरोबर जिंतूरला. नंतर ती या गावात परत आली नव्हती. कुसुमच्या आईला बाळंतपणात ताप भरला होता, तेव्हा कुसुमला महिनाभर दूध पाजलं होतं ते गयाबाईनं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"तिचं कवाड मी केलंय," कुसुम म्हणाली आणि मला परड्यात घेऊन गेली. दोन फळ्यांचं कवाड भिंतीला टेकून उभं होतं. तिनं ते स्वतः जाळलं होतं. अर्धवट, पोटातून, कडा राखून. कोळशावर ऊन पडून निळसर चमक येत होती. मी चित्रकार आहे, मला ते फार सुंदर वाटलं. सगळ्या कोरीव कवाडांच्या रांगेत शेवटी हे एक काळं भोक उभं राहील, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

जिंतूर

त्यातली एक फळी चादरीत गुंडाळून आम्ही जिंतूरला गेलो. गयाबाईचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होता आणि शाळेमागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत दोघं राहत. ती पत्र्यावर कुरडया वाळत घालत होती. ठेंगणी, पाठीत जराशी वाकलेली, डोळे लहान आणि तरतरीत. कुसुमला बघून तिनं हात धुतले, तिच्या तोंडावरून फिरवले आणि पहिलं काय विचारलं तर, "केस कुणी कापले गं?"

चहा झाला. कुसुमनं सगळं सांगितलं. जुनं गाव, जोती, कवाडं. गयाबाई मन लावून ऐकत होती. मग कुसुमनं चादर सोडली.

गयाबाईनं फळीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं, त्याकडे तिनं बघितलं.

"हे कुणी जाळलं?"

"मीच."

"चांगलं लाकूड व्हतं की."

कुसुम सांगायला लागली. गावानं हे बघितलं पाहिजे, नाहीतर बाकीची सुंदर दारं खोटी ठरतील, असं बरंच काही. ती मनापासून बोलत होती. गयाबाईनं तिला पूर्ण बोलू दिलं.

"बाकीच्यायची दारं कशी मांडायलीस? फुलं कोरल्याली, चांगली?"

"हो."

"मंग माह्यंच कामून जळकं?"

"कारण ते जळलं, काकू. ते लपवायचं का?"

"कुनापासून लपवायचं? ज्यायनी जाळलं त्यायला ठाऊक हाय. मला ठाऊक हाय." तिनं फळी चादरीत परत गुंडाळली, एखादं लेकरू गुंडाळावं तशी. "तू जुनं गाव मांडायलीस ना? जुन्या गावात माह्यं कवाड उभं व्हतं. त्याला कडी व्हती. मी सकाळी ते उघडायची. माह्या नावानं मांडायचं तर तसं मांड, न्हाईतर माह्यी जागा सोडून दे."

कुसुमचा चेहरा पडला. ती वाद घालणारी मुलगी, पण त्या खोलीत तिनं घातला नाही. बाहेर आल्यावर मात्र गल्लीभर स्वतःशी बोलत राहिली. तिला ते पूर्ण पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही, असं ती मला अलीकडेच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गयाबाईला घेऊन सुताराकडे गेलो. लिंबाच्या लाकडाचं साधं दोन फळ्यांचं कवाड ठरलं. कुसुमनं आपल्या मनानं निळ्या रंगाचा डबा आणला होता.

"निळा न्हाई," गयाबाई म्हणाली. "निळा माह्या मनात हाय. कवाड हिरवं व्हतं. पाटलाच्या बैलगाडीला लावून उरलेला रंग माह्या मालकानं मागून आनला व्हता."

हिरवा डबा आला. गयाबाई येणार होती, पण तिची एक अट होती. नव्या गावातून ती जाणार नव्हती. त्या मातीला पाय लावायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. जुन्या गावाला दुसरी वाट असेल तर ती येईल.

दुसरी वाट पाण्यातून होती.

पाण्यावरून

ठरल्या दिवशी पहाटे कुसुम गावात राहिली आणि मी गयाबाईबरोबर धरणाच्या भिंतीकडच्या काठावर गेले. तिथं किसन भोयाची होडी होती. हिरवं कवाड आडवं ठेवलं, रंग अजून जरा चिकट होता. मला होडीची सवय. गयाबाई मात्र दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, डोळे मिटून बसली.

पाण्यावर धुकट उजेड होता. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं, मधली रेघ कुठं दिसेना. बगळ्यांचा थवा उडाला तो वर गेला की खाली, ते कळेना. किसन वल्हं इतकं हळू मारत होता की होडी पुढं जाते आहे की काठच मागं जातो आहे, असं वाटत होतं. बऱ्याच वेळानं गयाबाईनं डोळे उघडले आणि खाली पाण्यात बघितलं.

"किसन, आपुन कुठं आलाव?"

"मळईच्या अंगाला."

"मंजी पाटलाचं रान." ती आता काठावरून वाकली. "हिथं आमी निंदायला यायचाव. दुपारी त्या बांधावर बसून भाकर खायचाव." तिनं पाण्यात एका ठिकाणी बोट दाखवलं. मला तिथं पाण्याशिवाय काही दिसलं नाही. पण नंतर होडी पुढं जात राहिली आणि ती सांगत राहिली, ही विहीर, हा ओढा, इथं बोरीची झाडं, इथं एकदा साप निघाला होता. मी खाली बघत राहिले आणि मलाही हळूहळू दिसायला लागलं. आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून, बायकांच्या डोक्यांवरून चाललो होतो. कुणीतरी खालून मान वर करून होडीचा तळ बघत असेल, असं वाटून मी पाय जवळ ओढून घेतले.

मध्ये किसननं जाळं उचललं आणि त्यातला एक रोहू मला दाखवला. दुपारी काठावर त्यानं तो भाजून दिला. मासे खाणारी म्हणून मी ऐटीत सुरुवात केली आणि पहिल्याच घासाला घशात काटा अडकला. गोड्या पाण्यातल्या माशाचे काटे वेगळे, ते वाय अक्षरासारखे फुटलेले असतात. गयाबाईनं भाकरीचा कोरडा गोळा गिळायला लावला तेव्हा तो उतरला.

जुनं गाव

पण ते दुपारचं. सकाळी धुकं फाटलं आणि समोर गाव दिसलं, तेव्हा किसननं वल्हं थांबवलं.

राखाडी गाळाचा लांबच लांब उतार, त्यावर जाळीसारख्या भेगा. मध्ये मारुतीच्या देवळाचे दगड. वठलेल्या झाडांचे खुंट. आणि त्या सगळ्यावर दारं. गाळात रोवलेल्या लाकडी बल्ल्यांना बांधून उभी केलेली, काही उघडी, काही लोटलेली, कुणाची नदीकडे तोंडं, कुणाची देवळाकडे. मागे पुढे काही नाही. एका दारातून पलीकडचं आभाळ दिसत होतं, दुसऱ्यातून एक बैलगाडी. वाऱ्यानं एखादं कवाड आपोआप लागायचं आणि तो आवाज उतारावरून पाण्यापर्यंत यायचा.

कुसुम पळत आली. तिनं वर नव्या गावातली हकीकत सांगितली. पहाटे कवाडं उतरवल्यावर बायकांनी दारांच्या जागी लुगडी बांधली होती. सगळं गाव रंगीत लुगड्यांचं झालं होतं, वारा आला की घरं श्वास घेतल्यासारखी फुगत होती. एका घरात शेळी शिरून पीठ खाऊन गेली, त्यावरून भांडणही झालं होतं.

लोक आपापल्या दारात बसले होते. बळीराम आबा मोराच्या कवाडात, डोक्याला रुमाल बांधून. गंगूवैनी आणि नारायणदादा कमळाच्या कवाडात. आधी हसणं, हाका मारणं चाललं होतं. कॉलेजातले तिघे-चौघे आले, फोटो काढून गेले. मग ऊन चढलं आणि बोलणं थांबत गेलं. एक म्हातारी आपल्या जोत्यावरचा गाळ हातानं सारखा करू लागली, जणू सारवते आहे. एक माणूस कवाडाबाहेर जोडे काढून आत गेला आणि आत काहीच नाही हे लक्षात येऊन तिथंच बसला. मी चित्र काढायला वही घेतली होती, ती उघडली नाही.

गयाबाईचं जोतं सापडत नव्हतं. तिची वस्ती सगळ्यांत खाली, नदीकडे, आणि पाणी तिथून अजून हटलं नव्हतं. शेवटी पाण्यातून वर आलेला चिंचेचा एक खुंट तिनं ओळखला. त्यावरून अंदाज घेत ती गुडघाभर पाण्यात गेली, पायानं चाचपडली आणि थांबली. "हे," ती म्हणाली. "उंबऱ्याचा दगड हाय."

ऊन उतरायला लागल्यावर किसन, कुसुम आणि मी हिरवं कवाड तिथं नेलं. पण बल्ल्या चिखलात टिकेनात. एक रोवली की दुसरी कलंडायची. कवाड दोनदा पाण्यात पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा कुसुम छातीभर भिजली. वरच्या उतारावरून सगळं गाव बघत होतं. कुणी उठत नव्हतं. उठायचं नाही हा कुसुमचाच नियम होता, आणि त्या नियमाआड बसणं त्या वेळी सगळ्यांना सोयीचं झालं असावं. मी वर बघितलं. ओळीनं दारं, दारात माणसं, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. गयाबाई पाठ करून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "राहू दे कुसुम. झालं तेवढं लय झालं."

तेव्हा गंगूवैनी उठल्या.

"बसून बसून कंबर धरली माय," त्या मोठ्यानं म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. लुगडं वर खोचलं आणि सरळ उतरून पाण्यात आल्या. एक बल्ली त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मग त्यांच्यामागं नारायणदादा आला. त्यानं दुसरी धरली. मग ती जोतं सारवणारी म्हातारी आली आणि आणखी काही जण. सगळे नाही. बळीराम आबा आपल्या दारातून हलले नाहीत. पण त्यांनी मान फिरवली नाही, शेवटपर्यंत आमच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनाच ठाऊक.

कवाड उभं राहिलं. पाण्यात त्याचं दुसरं हिरवं कवाड उलटं उभं राहिलं. गयाबाईनं कडी काढली, फळ्या उघडल्या, उंबऱ्यावर पाय दिला आणि तिथून गावाकडे बघितलं.

"हिथून मारुती दिसायचा," ती म्हणाली. "दिसायलाय."

सूर्य पाण्याला टेकला होता. कुणी हलत नव्हतं. नारायणदादा दोन्ही हातांनी बल्ली धरून होता. तो खाली पाण्याकडे बघत म्हणाला, "काकू, त्या दिशी मी घरातच व्हतो. कडी लावून बसलो व्हतो."

"ठाऊक हाय," गयाबाई म्हणाली.

टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. नारायणदादा आणखी काही बोलणार होता, त्याचे ओठ हलले.

"बल्ली नीट धर," गयाबाई म्हणाली. "वाकडी व्हायलीय."

त्यानं ती सरळ धरली. सूर्य बुडेपर्यंत धरून ठेवली.

परतीची एसटी

संधिप्रकाशात लोकांनी कवाडं सोडली आणि गाड्यांत भरली. गंगूवैनींनी धपाटे आणले होते, ते त्यांनी काठावर उभ्याउभ्या सगळ्यांच्या हातावर ठेवले, गयाबाईच्याही. नारायणदादानं हिरवं कवाड पुसून कोरडं केलं.

"हे वर गावात नेऊ का?" त्यानं विचारलं. "तुमची जागा तशीच हाय. कुनी घेतली न्हाई."

"नको. तशीच राहू दे रिकामी," गयाबाई म्हणाली. "येता-जाता तुमाला दिसू दे."

त्यानं मान हलवली आणि कवाड होडीत नेऊन ठेवलं. कुसुमनं तिला मिठी मारली आणि गयाबाईनं परत एकदा तिच्या आखूड केसांवरून हात फिरवला. कुसुमला लोकांबरोबर थांबायचं होतं. मी जिंतूरपर्यंत गयाबाईला पोचवायला निघाले. किसननं आम्हाला धरणाच्या भिंतीशी सोडलं. या वेळी होडीत तिनं काठ धरला नव्हता. पाणी काळं होत चाललं होतं आणि ती काही दाखवत नव्हती.

जिंतूरची शेवटची गाडी थांब्यावर होती. किसननं आणि ड्रायव्हरनं मिळून कवाड टपावर चढवलं आणि दोरीनं बांधलं. आत गाडी जवळजवळ रिकामी होती. कंडक्टर तरुण होता, तिकिटाची पेटी सावरत आमच्याजवळ आला.

"वर काय हाय, मावशी?"

"कवाड."

"नवं दिसतंय. घर बांधायलाव?"

"हाव."

"कुठं?"

गयाबाईनं ओल्या पदराचं टोक पिळलं. "जिंतुरात. माह्या पोरानं जागा बघितलीय. मीच नको म्हनायलते."

हे ती मला सांगत नव्हती, त्याला सांगत होती. मी तिच्याकडे बघितलं. जागा खरोखर आधीच बघून ठेवलेली होती, की ती गोष्ट आत्ता, त्या बाकावर बसल्या बसल्या तिनं ठरवली, हे मला कळलं नाही.

"दोन जिंतूर द्या," ती कंडक्टरला म्हणाली, आणि मी पर्स उघडायला लागले तशी माझा हात धरून तिनं तो मांडीवर ठेवला. "तुमी पाव्हण्या हाव."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. टपावर कवाड एकदा खडखडलं, मग दोरीत नीट बसलं, आणि गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागली.